बत्तीस पानी म्हैस

माझ्या पुस्तकात एक म्हैस आहे. ती तळ्यात जाऊन बसते. राखणारं पोरगं तिला हाक मारतं, ती उठत नाही. पोराची आजी येते, पाटील येतात, मास्तर येतात, शेवटी वरातीचा बँड येऊन वाजवून बघतो. म्हैस उठत नाही. ऊन फार झालेलं असतं. मग एकेक जण पाण्यात उतरतो आणि तिच्या शेजारी बसतो. पुस्तक संपतं.

"यातून मुलांनी घ्यायचं काय?" हा प्रश्न मला बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी विचारला, मुख्याध्यापकांनी विचारला आणि आमच्या विहीणबाई तर भेटतील तेव्हा विचारतात. छापखान्यात कटिंग मशीनवरचे दादाही "यातून घ्यायचं किती?" असं म्हणाले, तेव्हा मी तात्पर्य सांगायच्या तयारीने पदर सावरला. त्यांना पानाची कड किती मिलिमीटर कापायची ते हवं होतं. तीन, असं मी सांगितलं. या प्रश्नाला मी आजवर दिलेलं हे एकमेव समाधानकारक उत्तर.

साताऱ्यात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करायचं याचा शासन निर्णय निघालेला नसला, तरी अंमलबजावणी काटेकोर आहे. पुरुषांनी पहाटे चारभिंतीपर्यंत चढून जायचं, उतरता उतरता देशाचा प्रश्न सोडवायचा आणि घरी येऊन आत्मचरित्राचं एक प्रकरण लिहायचं. माणूस पाटबंधारे खात्यातला असेल तर त्यात एक प्रकरण ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाचं असतं आणि बाकीची सगळी वरिष्ठांनी केलेल्या अन्यायाची. बायकांनी भजनी मंडळात जायचं, नातवंडं सांभाळायची आणि या आत्मचरित्रांच्या शेवटच्या परिच्छेदात 'हिची साथ' म्हणून हजेरी लावायची.

मी याच खात्यातून, आस्थापना शाखेतून, कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. मुलांसाठी चित्रपुस्तक करते आहे आणि ते स्वतःच प्रकाशितही करणार आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी मान डोलावली. "छान. सोपं असतं ते. शब्द कमी लागतात."

शब्द कमी लागतात हेच तर दुखणं. आम्ही वाढलो ते शब्द जास्त लागणाऱ्या शिस्तीत. आमच्याकडे एका पानाची टिपणी वर गेली की 'प्रकरण पुरेसे तपासलेले दिसत नाही' असा शेरा घेऊन खाली येत असे. त्यामुळे पहिल्या मसुद्यात माझी म्हैस गोठ्यातून निघेपर्यंतच दोन पानं झाली. तळं कोणाच्या मालकीचं, त्या वर्षी पाऊस किती झाला, म्हैस आधी कोणाकडे होती, हे आल्याशिवाय मला पुढे जाववेना. आमचे हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर माइकवरून एका वाक्यात गाडी कुठली, जाणार कुठे आणि लागली कोणत्या फलाटावर एवढंच सांगितलेला माणूस. त्यांनी मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हैस तळ्यात गेलेली आहे. प्रवाशांना एवढं कळलं की पुरे."

वाङ्मयाची एवढी नेमकी समीक्षा मी नंतर कुठे ऐकली नाही.

मॉरिस सेंडाक यांचं १९६३ सालचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे जगभर गाजलेलं चित्रपुस्तक साडेतीनशे शब्दांच्या आत संपतं. आमच्या खात्यात तेवढ्यात अर्जित रजा मंजूर होत नाही. तेवढ्याच शब्दांत त्यांनी एक मुलगा रुसवला, बोटीत बसवला, राक्षसांचा राजा केला आणि जेवायच्या वेळेला घरी आणून सोडला.

वयाचं म्हणाल, तर तिथेही मला पूर्वज आहेत. विल्यम स्टीग हे अमेरिकेतले व्यंगचित्रकार. 'न्यूयॉर्कर'मध्ये त्यांची चित्रं वर्षानुवर्षं येत होती आणि मुलांच्या पुस्तकांकडे ते वळले साठीच्या सुमारास. ऐंशी ओलांडल्यावर, १९९० साली, त्यांनी एका कुरूप हिरव्या राक्षसाचं पुस्तक केलं. तोच तो श्रेक. आणि पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्याची परंपरा शोधायची तर बीट्रिक्स पॉटर आहेत. त्यांची सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा १९०१ साली त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. पुस्तकाचा आकार लहान मुलाच्या हातात मावेल एवढाच हवा, हा त्यांचा हट्ट होता. प्रकाशकांचं गणित वेगळं होतं. पुढच्याच वर्षी एका प्रकाशकाने तेच पुस्तक रंगीत चित्रांसह काढलं आणि ते अजून खपतं आहे. हे सगळं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. "त्यांना पेन्शन होती का?" एवढंच ह्यांनी विचारलं.

आता चित्रांकडे येते, कारण चित्रपुस्तकात लेखकाची खरी जागा तिथेच कळते. माधुरी पुरंदरे यांच्यासारखं लिहायचंही आपणच आणि चित्रंही आपणच काढायची, हे ज्यांना साधतं त्यांचा मला हेवा वाटतो. माझ्या चित्रकलेला शाळेनेच वेळेवर आवर घातला होता. म्हणून पुण्यातली एक मुलगी शोधली. नुकतीच कलाशाखेतून बाहेर पडलेली, रात्री काम करणारी, दुपारी उठणारी आणि मला काकू म्हणणारी. मी तिला मजकूर पाठवला. तिचा फोन आला.

"काकू, 'काळी कुळकुळीत म्हैस' यातलं 'काळी कुळकुळीत' काढू या."

"का गं?"

"ते चित्रात दिसतंय ना."

"मग 'म्हैस' तरी राहू दे."

"तीही दिसतीये, काकू."

अशा रीतीने ती पोरगी माझा मजकूर कमी करत गेली. पाटलांची मिशी गेली, कारण ती चित्रात होती. उन्हाचा कडाका गेला, कारण तिने सावल्याच इतक्या आखूड काढल्या होत्या. बारा आणि तेरा या समोरासमोरच्या पानांवर तर आज एकही शब्द नाही. नुसतं तळं, म्हैस आणि काठावर दमून बसलेलं गाव. या दोन पानांवर लेखिका म्हणून माझं काम काय, असं मी जरा तिखटपणेच विचारलं. ती म्हणाली, "गप्प बसायचं." नोकरीत असताना मला असं सांगायची कोणाची छाती झाली नव्हती. पण निवृत्त माणसाला आयुष्यात शिकण्यासारखं जे एकच उरलेलं असतं ते तिने दोन शब्दांत सांगितलं, हे मला मान्य करावं लागलं. आपल्याकडे निवृत्तीनंतर माणसाचा सल्ला वाहायला लागतो. चित्रपुस्तक हा असा एकच प्रकार मला सापडला की ज्यात सल्ल्याचा एक थेंब पडला तरी सगळं नासतं.

आणि तिची म्हैस काळी नव्हतीच. निळी होती.

मी म्हटलं, "अगं, आमच्या माहेरी दावणीला चार म्हशी होत्या. एकही निळी नव्हती." ती म्हणाली, मुलांना विचारा. शेजारच्या चार वर्षांच्या चिरंजीवांना बोलावलं. चित्र दाखवलं. "हे कोण?" "म्हैस." "रंग कोणता आहे बाळा तिचा?" त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "म्हशीचा."

विषय संपला. मग मला आणखी एक गोष्ट कळली. मोठं माणूस वाचून दाखवतं तेव्हा त्याचे डोळे अक्षरांवर असतात आणि मुलाचे चित्रावर. म्हणजे एकाच वेळी दोघं दोन वेगळी पुस्तकं वाचत असतात आणि त्यातलं जास्त बारकाईने वाचलेलं पुस्तक माझं नसतं.

बत्तीस पानंच का, हेही बरेच जण विचारतात. त्याचं कारण कलेत नसून कागदात आहे. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापून घडी घातली की सोळा पानांचा एक फॉर्म होतो. दोन फॉर्म म्हणजे बत्तीस. तुमची गोष्ट एकोणतिसाव्या पानावर संपत असेल तर ती खुशाल संपू द्या, पैसे बत्तिसाचेच द्यायचे. गोष्ट चौतिसाव्या पानावर जात असेल तर बँडवाल्यांपैकी दोघांना घरी पाठवा. मी क्लॅरिनेटवाला आणि झांजवाला कमी केला. आस्थापना शाखेतल्या माणसाला कपात नवीन नाही.

त्यापूर्वी डमी करायची असते. कागद दुमडायचे, मध्ये स्टेपलर मारायचा, पेन्सिलीने चित्रं टाकायची आणि पानं उलटून बघायची. पान उलटणं हीच चित्रपुस्तकातली खरी नाट्यकला. उजव्या पानावर पाटील गरजतात, "ऊठ!" मुलाचा हात पानाच्या कोपऱ्याकडे जातो, पान उलटतं आणि म्हैस होती तशी बसलेली. हीच हाक आणि तीच म्हैस एकाच पानावर आली तर कोणी हसत नाही. दुसरं म्हणजे दोन पानांच्या मधल्या खाचेत कोणाचंही महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. आमच्या डमीत पाटलांचं नाक नेमकं पिनेखाली गेलं. चित्रकार मुलीने त्यांना दोन इंच डावीकडे सरकवलं. गावात पाटलांना सरकवायची हिंमत आजवर कोणी केली नसेल.

एका शिक्षिकाबाईंना मसुदा दाखवला. त्या मन लावून वाचून म्हणाल्या, "चांगलं आहे, पण पहिलीच्या मुलांना जोडाक्षरं येत नाहीत. म्हशीऐवजी गाय घेता येईल का?" मी म्हटलं, गाय तळ्यात बसत नाही. त्यांनी विचार केला. "मग बगळा?" बगळाही बसत नाही, उभा राहतो. शेवटी, आई वाचून दाखवेल तेवढं चालेल, अशी त्यांनी सवलत दिली. म्हैस म्हटल्यावर महाराष्ट्रात पु. ल. आठवतात ही अडचण वेगळीच. ज्याला त्याला वाटतं, माझी म्हैसही आता एसटीला आडवी येणार. आमच्या ह्यांना तसं व्हावं असं मनातून वाटतही होतं.

छापखान्यात मात्र निळ्या रंगाने सूड उगवला. संगणकाच्या पडद्यावर जो झळझळीत निळा दिसतो तो प्रकाशाचा असतो. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाया एकावर एक टाकून रंग बनवतात आणि तो निळा त्या चौघांच्या हाताला लागत नाही. प्रूफ आलं तेव्हा म्हैस जांभळी, वांग्यासारखी तुकतुकीत दिसत होती. मुलगी पुण्याहून आली, मॅजेंटा कमी करायला लावला, पुन्हा प्रूफ काढलं. छापखान्याचे मालक सगळं शांतपणे बघत होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, माझं ऐका. म्हैस काळी करा. एका रंगात काम होईल, बिल किती कमी येईल बघा." निसर्गाने सगळा विचार करूनच म्हैस काळी केली, असं त्यांचं मत आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार कामाची सांगितली. अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, रंगीत करू नका. कारण पुढेमागे हेच पुस्तक कानडीत किंवा हिंदीत काढायचं झालं तर चारपैकी एकच प्लेट बदलावी लागते, चित्रं तशीच राहतात. एकाच पुस्तकाच्या अनेक भाषांतल्या आवृत्त्या परवडतात त्या याच हिकमतीवर. माझ्या डोळ्यांपुढे लगेच बेळगावपर्यंत पसरलेली म्हैस उभी राहिली.

मग आला प्रतींचा प्रश्न. ऑफसेट छपाईत खर्च होतो तो प्लेटांवर आणि मशीन लावण्यावर. एकदा ते सुरू झालं की पुढे फक्त कागद लागतो. म्हणून पाचशे प्रती काढायला गेलेला प्रत्येक नवा प्रकाशक हजार घेऊन परत येतो. "हजारात प्रत स्वस्त पडते, मॅडम." पडते. प्रत स्वस्त पडते आणि प्रकाशक महागात पडतो. साधारण वीत-सव्वा वीत चौकोनी, आर्ट पेपरवरचं बत्तीस पानी पुस्तक कव्हरसकट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. हजारांचे सव्वाशे किलो झाले. टेम्पो दारात आला तेव्हा 'स्वतंत्र प्रकाशक' या शब्दांतलं स्वातंत्र्य मला समजलं. हमाल नसतो.

दिवाणाच्या पोटात गाद्या होत्या त्या माळ्यावर गेल्या आणि म्हशी दिवाणात आल्या. विहीणबाई राहायला आल्या त्या रात्री त्यावरच झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "जरा कडक वाटतं हो." त्यांच्याखाली तीनशे प्रती होत्या. वाचकांचा एवढा भक्कम आधार फार थोड्या लेखकांना लाभतो. माझ्या बाबतीत वाचकाला पुस्तकांचा लाभला.

सरकारी कागदपत्रांचा भाग मात्र मी चवीने केला, माझा प्रांतच तो. पुस्तकाला आयएसबीएन लागतो. तो दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. तेरा आकड्यांची ती ओळ कव्हरच्या मागे छापून आली तेव्हा म्हैस सेवेत कायम झाल्यासारखं वाटलं. मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. हे ऐकून मी हरखले. मग कर सल्लागाराने शून्याचा दुसरा अर्थ सांगितला. पुस्तकावर कर नाही, म्हणून छपाईवर आणि कागदावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो आपणच गिळायचा.

पण सगळ्यात लोभस आहे तो १९५४चा कायदा. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पोचवली पाहिजे. कोलकात्याला जाणारी प्रत सर्वोत्तम कागदावरची, सगळ्या चित्रांसह आणि रंगांसह असली पाहिजे, असं कायदा स्पष्ट म्हणतो. नाही पाठवली तर दंड आहे. किती? पन्नास रुपयांपर्यंत आणि शिवाय पुस्तकाची किंमत. चार प्रती पाठवायला या पन्नासाहून जास्त टपाल लागतं. बरेच जण हा हिशोब करून गप्प बसत असावेत. मी मात्र चारी प्रती बांधल्या, जावक नोंदवहीत चार क्रमांक घातले आणि पोस्टात दिल्या. कोलकात्याची प्रत आधी पानन्‌पान तपासली. रवींद्रनाथांच्या गावात आमची म्हैस जांभळी जायला नको होती.

पाठवणीचं खातं ह्यांच्याकडे आहे. फलाटाची सवय असल्यामुळे ते पुस्तकांची पाकिटं गावांनुसार ओळीने लावतात आणि पोस्टात निघताना कोणती म्हैस कुठे चालली ते जोरात सांगतात. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं तेव्हा आमच्यासारख्यांची पंचाईत झाली होती. एकेका पातळ पुस्तकाच्या मागे कुरियर जवळजवळ पुस्तकाएवढंच मागायचं. मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं आणि तीनशे ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपये आणि वर कर एवढ्यात जायला लागलं. ही सोय शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. "यातलं काय आहे?" असं खिडकीवर विचारलं गेलं. ह्यांनी क्षणभर विचार केला. "सगळं गाव तळ्यात बसतं. सामाजिक लावा."

दुकानांचा अनुभव थोडक्यात सांगते. पुण्याला अप्पा बळवंत चौकात पिशवी घेऊन हिंडले. दुकानदार चाळीस टक्के मागतो, मधे वितरक आला तर पन्नास, आणि पैसे पुस्तक विकलं गेल्यावर. हे जगरहाटीला धरून आहे, मला तक्रार नाही. तक्रार आहे ती कण्याची. मधोमध पिन मारलेल्या पातळ पुस्तकाला कणा नसतो. ते इतर पुस्तकांबरोबर फळीवर उभं केलं की दिसेनासं होतं. एका दुकानात माझीच पुस्तकं मला सापडेनात. स्पर्धा परीक्षेच्या दोन जाडजूड मार्गदर्शकांच्या मधे पाच म्हशी अंग चोरून उभ्या होत्या. मी त्या काढून दर्शनी ठेवल्या आणि मागे वळले, तर तिथला मुलगा त्या पुन्हा आत सारत होता. "मॅडम, इथं चालणारा माल ठेवायचाय." माझी म्हैस चालणारी नाही, हे तर पुस्तकातच लिहिलं आहे.

शाळांत वाचून दाखवायला जाते ते मात्र मला आवडतं. मुख्याध्यापक माझी ओळख करून देतात, पुस्तकातून आळस किती वाईट हे कळतं असं सांगतात आणि कामाला निघून जातात. दार लोटलं गेलं की आम्ही सुरू करतो. 'ऊठ' हा शब्द यायच्या आधीच चाळीस पोरं "ऊठ!" म्हणून ओरडायला लागतात. शेजारच्या वर्गातली उभी राहतात, असं एकदा तिथल्या गुरुजींनी दार उघडून कळवलं. मुलं म्हशीच्या पाठीवरचा बगळा मोजतात. तो चौदाव्या पानावर का नाही, याचा जाब विचारतात. मी चित्रकार मुलीला फोन लावला. ती म्हणाली, तो मासा खायला गेलाय, पंधराव्या पानावर बघा त्याची चोच. मी पुस्तकाची लेखिका आणि प्रकाशक. ती चोच मला तोपर्यंत दिसली नव्हती. दुसऱ्या बाकावरच्या एका पोरीला मात्र माझा फोन संपायच्या आत दिसली.

"ती का उठत नाही?" असं मी एकदा विचारून पाहिलं. मोठ्यांच्या सभेत याची फार उत्तरं आली होती. व्यवस्थेचा निषेध, स्त्रीचा नकार, शेतीतलं अरिष्ट. पहिलीच्या वर्गात एकच आलं. "तिला बसायचंय." आणि मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, "परत." माझ्या पुस्तकावर आलेलं हे सगळ्यात मोठं परीक्षण आहे. ते लिहून द्या म्हटलं तर जोडाक्षरही नाही.

आता नातेवाईक. आपल्याकडे माणसाने पापड लाटले तर लोक पैसे देऊन विकत घेतात, वर दोन किलो जास्त मागतात. पुस्तक काढलं तर 'आमची प्रत कुठंय' असं विचारतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळातल्या एका साहेबांनी मला त्यांचं चारशे ऐंशी पानांचं आत्मचरित्र सप्रेम भेट दिलं आणि बदल्यात म्हैस मागितली. वजनाने सौदा त्यांना तोट्याचा होता. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वाचलं. दोन मिनिटांत झालं." मी म्हटलं, तुमचं चालू आहे. भूकंप अजून व्हायचाय.

दुसऱ्या पुस्तकाचं आता मनात आहे. त्यात कोंबडी आहे आणि तिने टोचलेलं भोक प्रत्येक पानातून आरपार जावं असा बेत आहे. भोकांचंही जुनं प्रकरण आहे. एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकात पानांना भोकं होती. ते परवडेल असं छापून देणारा अमेरिकेत कोणी मिळेना, म्हणून १९६९ साली ते जपानमध्ये छापून घ्यावं लागलं. हे मी छापखान्याच्या मालकांना सांगितलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जपानचा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे, ती माझ्या पुस्तकापुरती नाही. बारशाला, वाढदिवसाला, मुंजीला चित्रपुस्तक द्या, कोणाचंही द्या. मूल सोबत असेल तर दुकानात त्याला हाताळू द्या, निवडू द्या आणि ते निवडत असताना मागची किंमत मोठ्याने वाचू नका. घरी नेल्यावर ते फाटेल, चावलं जाईल, त्यावर दूध सांडेल. सांडू द्या, आमच्याकडे अजून प्रती आहेत. फक्त 'चि. अमुक यास अनेक शुभाशीर्वाद' हे बॉलपेनने लिहिताना ते म्हशीच्या पाठीवर लिहू नका. कव्हरची आतली बाजू त्यासाठीच कोरी सोडलेली असते.